अठरा वर्षांनंतर काय? बौद्धिक दिव्यांगांच्या कार्यशाळांविषयी खुले पत्र

प्रति,
मा. सचिव, दिव्यांग कल्याण विभाग, महाराष्ट्र शासन, मुंबई
मा. आयुक्त, दिव्यांग कल्याण, पुणे

महोदय,

दिवाळीच्या महिनाभर आधी बौद्धिक दिव्यांगांच्या कार्यशाळेत, म्हणजे अठरा वर्षांनंतर त्यांना काम शिकवले जाते तिथे, जा. टेबलांवर रंगवलेल्या पणत्या, उटण्याच्या पुड्या, आकाशकंदील, भेटकार्डे दिसतील. भाऊबीज झाली की बरीचशी टेबले ओस पडतात, ती राखीपौर्णिमेच्या आधी पुन्हा भरतात. मधल्या काळात कागदी पिशव्या, फाइली, फिनेल. तपासणीला येणारे साहेब हजेरीपट पाहतात, साठा नोंदवही पाहतात, विक्री किती झाली ते विचारतात. इथला कोणता मुलगा गेल्या वर्षभरात एकट्याने बसने घरी जायला लागला, कोणती मुलगी पाळीच्या दिवसांत स्वतःचे स्वतः सांभाळते, कोण दुकानात पैसे देऊन सुटे मागून घेतो, हे विचारणारा रकानाच नमुन्यात नसतो. जे विचारले जात नाही त्यासाठी वेळ मिळत नाही, पैसा मिळत नाही आणि माणूसही मिळत नाही. आमचे सगळे गाऱ्हाणे इथून सुरू होते.

आम्ही विशेष शिक्षक, कार्यशाळांमधले निदेशक (म्हणजे तिथे काम शिकवणारे) आणि अठरा ओलांडलेल्या मुलामुलींचे पालक आहोत. या विषयाशी आमचा संबंध कागदापुरता नाही. जे शिकवायचे राहते ते पुढे तीस-चाळीस वर्षे घरातल्या कुणाला तरी करावे लागते, आणि ते करणारे आईवडील म्हातारे होत जातात.

शासनाने काहीच केले नाही असे आम्ही म्हणणार नाही. डिसेंबर २०२२ मध्ये स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग झाला, त्याचे आम्ही स्वागतच केले. दिशा अभियानामुळे विशेष शाळांना एकसारखा अभ्यासक्रम आणि मूल्यमापनाची पद्धत मिळाली. पूर्वी प्रत्येक शाळा आपापल्या परीने चालायची, त्यापेक्षा हे कितीतरी बरे. पण २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाचे कलम ३१ मोफत शिक्षणाचा हक्क ६ ते १८ वर्षे वयापर्यंत देते, आणि अठरा पूर्ण झाली की शाळेच्या पटावरून नाव उतरते. पुढे कार्यशाळेत जागा असली तर कार्यशाळा, नसली तर घर. त्याच कायद्याच्या कलम १९ मध्ये बौद्धिक दिव्यांग आणि स्वमग्न व्यक्तींसाठी बाजाराशी थेट जोडलेले खास कौशल्य प्रशिक्षण असावे आणि त्यातल्या प्रगतीची वेगळी आकडेवारी ठेवावी, असे स्पष्ट म्हटले आहे. महाराष्ट्रातल्या कार्यशाळांपुरती ही आकडेवारी आपण प्रसिद्ध करावी. किती जणांना पणत्या रंगवता येतात ते त्यात नको, किती जण कामाला लागले आणि वर्षभराने टिकले ते हवे.

आता मुद्द्यांवर येतो. पहिलाच मुद्दा लांबेल, कारण कौशल्य शिकवणे म्हणजे नेमके काय, हे एकदा जवळून पाहिल्याशिवाय पुढच्या मागण्या अवाजवी वाटतील.

वरणभाताचा कुकर लावणे हे एक काम घ्या. आपल्याला ते एक काम वाटते. शिकवायला बसले की त्याच्या वीसहून जास्त पायऱ्या निघतात: तांदूळ एक वाटी मोजणे, दोनदा धुणे, दोन वाट्या पाणी घालणे, डाळीचे तसेच, कुकरच्या तळात पाणी, जाळी, एकावर एक डबे, झाकणाला रिंग, झाकण, शिट्टी, गॅस, आणि पुढचे सगळे. हमखास चूक होते ती तळातल्या पाण्याची. तांदळात पाणी घातलेले असते, डाळीत घातलेले असते, म्हणून ‘पाणी घालून झाले’ असे मुलाच्या मनात पक्के बसते. कुकर कोरडाच तापतो, वाफ धरत नाही, शिट्टी होत नाही आणि शेवटी झाकणावरचा सुरक्षेचा व्हॉल्व्ह वितळतो. ‘तळात पाणी घाल’ असे शंभरदा सांगून ही चूक जात नाही. तळातल्या पाण्यासाठी एक वेगळा लाल पेला ठेवायचा आणि काम सुरू करण्याआधी तो भरून रिकाम्या कुकरमध्येच उभा करायचा. मग डबा ठेवायला गेले की पेला आडवा येतो. तो उचलला की पाणी ओतले जाते.

शिट्ट्या मोजता येत नसतील तर मोजायला लावू नये. डाव्या ताटलीत बाटलीची तीन झाकणे ठेवायची. एक शिट्टी झाली की एक झाकण उजव्या ताटलीत. डावी ताटली रिकामी झाली की गॅस बंद. पण एवढ्यावर थांबले तर घात होतो. रिंग नीट बसली नाही तर वाफ बाजूने निघून जाते आणि शिट्टी होतच नाही. ‘तीन शिट्ट्या झाल्या की बंद’ एवढेच शिकलेला मुलगा मग पाणी आटून कुकर करपेपर्यंत शांतपणे उभा राहतो. त्याने काहीही चुकवलेले नसते, आपण त्याला अर्धाच नियम शिकवलेला असतो. म्हणून जोडीला वीस मिनिटांचा गजर लावायचा: ताटली रिकामी झाली किंवा गजर वाजला, आधी जे होईल तेव्हा गॅस बंद. उघडण्याआधी शिट्टी किंचित उचलून पाहायची. ‘सुस्स’ आवाज आला तर हात मागे.

क्रमही उलटा धरावा लागतो. सुरुवातीला सगळे शिक्षक करतो आणि मुलगा फक्त शेवटची पायरी करतो, म्हणजे गार झालेल्या कुकरमधून सांडशीने डबा काढून ताटात भात वाढतो. मग शेवटच्या दोन पायऱ्या, मग तीन. अशाने पहिल्या दिवसापासून काम त्याच्या हातून पुरे होते. मदत कमी करण्याचीही पद्धत आहे. आधी हातावर हात धरून, मग मनगटाला नुसता स्पर्श, मग बोटाची खूण, मग काहीच नाही, फक्त थांबायचे. सगळ्यांत अवघड जाते ते आपले तोंड बंद ठेवणे. ‘आता पाणी घाल, आता झाकण लाव’ असे जो बोलत राहतो त्याचा विद्यार्थी पायऱ्या शिकत नाही, आवाजाची वाट पाहायला शिकतो. शिक्षकाने मनात दहापर्यंत आकडे मोजून मगच खूण करावी, हे नव्या शिक्षकाला सांगून भागत नाही. कुणीतरी शेजारी उभे राहून दाखवावे लागते.

नोंद साधी असते. प्रत्येक पायरीपुढे त्या दिवशी लागलेली मदत लिहायची: शारीरिक, खूण, तोंडी, स्वतः. सलग तीन दिवस ‘स्वतः’ आले, तेही दोन वेगळ्या माणसांसमोर आणि दोन वेगळ्या जागी, तर ती पायरी आली असे धरायचे. शाळेतल्या ओट्यावर येणारी गोष्ट घरच्या ओट्यावर येतेच असे नाही. गॅसचे बटण दुसऱ्या दिशेला फिरत असेल तरी सगळे अडते. एकाला असा कुकर शिकवायला तीन ते सहा महिने जातात आणि गॅसपाशी एका शिक्षकाला एका वेळी दोघेच सांभाळता येतात.

यावरून आमची पहिली तक्रार आपल्या लक्षात येईल. कार्यशाळेतल्या निदेशकाकडून उत्पादनाची अपेक्षा आहे, त्यामुळे तो अवघड पायरी स्वतः उरकतो. पिशवीचा तळ तो दुमडतो, मुले फक्त खळ लावतात. पिशव्या शेकड्यांनी तयार होतात, विक्रीचा आकडा चांगला दिसतो आणि खळ लावणारा मुलगा पाच वर्षांनीही खळच लावत असतो. निदेशकाला दोष देण्यात अर्थ नाही. त्याच्याकडे जे मोजले जाते तेच तो देतो.

दुसरी तक्रार पैशाच्या व्यवहाराची. अजूनही अनेक ठिकाणी खेळण्यातल्या नोटांवर हे शिकवले जाते, कारण खऱ्या नोटांसाठी कुठल्याच लेखाशीर्षात तरतूद नाही. खरी, नवी दहाची नोट ६३ बाय १२३ मिलिमीटर, पाचशेची ६६ बाय १५०. खेळण्यातल्या नोटेचा आकारही वेगळा, रंगही वेगळा. त्यात जुन्या आणि नव्या नोटा एकत्र फिरतात, नवी वीसची हिरवट पिवळी आणि दोनशेची भडक पिवळी यांत गल्लत होते, एक आणि दोन रुपयांची नाणी दोन्ही स्टीलची. म्हणून मोठे झालेल्या मुलांना बेरीज-वजाबाकी शिकवत बसण्यापेक्षा आम्ही त्यांच्या पाकिटात फक्त दहाच्या नोटा ठेवतो. दुकानदाराने सांगितलेल्या दशकापेक्षा एक नोट जास्त द्यायची आणि सुट्यांसाठी हात पुढे करायचा. बेचाळीस ऐकले की ‘चाळीस’ पकडायचे: चार नोटा आणि वर एक. एकोणतीसला ‘तीस’ ऐकून चार नोटा जातात. कमी कधीच पडत नाही, सुटे जास्त येतात एवढेच. पन्नासच्या पुढे मात्र ही युक्ती लंगडते. बावन्न, त्रेसष्ट, ब्याण्णव यांच्यात दशकाचा आवाज नीट ऐकू येत नाही. बालभारतीने २०१९ मध्ये दुसरीच्या गणितात ‘वीस एक, वीस दोन’ असे वाचन आणले तेव्हा केवढा गदारोळ झाला! आमच्या वर्गात ती रीत खरोखर उपयोगी आहे, पण किराणा दुकानात कुणी ‘साठ तीन’ म्हणत नाही. म्हणून पन्नासच्या वर किंमत गेली की काउंटरवरचा आकडा किंवा बिल दाखवायला सांगायचे, हेही शिकवायचे.

हे शिकवायला खरे दुकान लागते, गिऱ्हाइकांची गर्दी नसलेली दुपारची वेळ लागते, आठवड्यातून तीनदा तिथवर न्यायला माणूस लागतो आणि महिन्याला काही शे रुपये खरेदीला लागतात. ‘विद्यार्थ्यांना बाजारात नेले’ हा खर्च लेखापरीक्षणात सहल म्हणून आक्षेपात निघतो. त्यात आता निम्मे दुकानदार यूपीआयवर आले आहेत. मुलाच्या नावाने खाते काढायला गेले की बँक पालकत्वाचे प्रमाणपत्र मागते. ते १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची स्थानिक स्तर समिती देते, आणि समितीची बैठक कधी होईल ते पालकांना कळत नाही.

तिसरा मुद्दा मुलींचा आहे आणि तो मागे पडतो, कारण त्यावर मोकळेपणाने बोलायला कुणी धजत नाही. पाळी सुरू झाली की अनेक मुलींची शाळा किंवा कार्यशाळा सुटते. वास्तविक पॅड बदलणे हे शिकवता येण्याजोगे कौशल्य आहे आणि ते पाळी येण्याआधी शिकवायला घ्यायचे असते. निकरच्या आत पॅडची बाह्यरेषा रंगीत दोऱ्याने शिवून ठेवली की पॅड कुठे बसवायचे ते दिसते. सरावासाठी पॅडवर लाल रंगाचे पाणी टाकायचे, म्हणजे प्रत्यक्ष रक्त दिसल्यावर मुलगी घाबरत नाही. ‘ओले झाले की बदल’ हा नियम चालत नाही. बऱ्याच मुलींना ओलेपणा वेळेवर जाणवत नाही किंवा तो सांगता येत नाही. बदलणे दिनक्रमाला बांधायचे: आंघोळ, जेवणाची सुट्टी, घरी पोचल्यावर, झोपताना. वापरलेले पॅड गुंडाळायचे कागदाचे तुकडे आधीच कापून संडासात खुंटीला अडकवायचे, कारण कागद शोधायला मुलगी तशीच बाहेर येते आणि तिथेच सगळ्यांसमोर ओरडा खाते. दार लावणे, बदलून झाल्यावर हात धुणे आणि या गोष्टी कुणाशी बोलायच्या, कुणाशी नाही, हे त्याच धड्याचे भाग. त्यातच तिला स्पर्शाचे नियमही कळतात. ज्या मुलीची निकर बदलायला रोज वेगवेगळी माणसे येतात, तिला ‘नको’ म्हणायचा हक्क आहे हे कुणी शिकवणार कसे?

हे शिकवले नाही की काय होते ते महाराष्ट्राने पाहिले आहे. १९९४ मध्ये शिरूरच्या शासकीय संस्थेतल्या बौद्धिक दिव्यांग मुलींची गर्भाशये पुण्याच्या ससून रुग्णालयात काढण्यात आली आणि त्यांना पाळीची स्वच्छता राखता येत नाही, हे कारण तेव्हा पुढे केले गेले. देशभर निषेध झाला. पण त्यानंतर प्रत्येक शाळेत, वसतिगृहात आणि कार्यशाळेत हे शिकवणारी प्रशिक्षित स्त्री असेलच अशी व्यवस्था आजही झालेली नाही, आणि मुलीचे गर्भाशय काढता येईल का, असे थकलेल्या आया डॉक्टरांना अजून विचारतात.

चौथे, प्रत्यक्ष नोकरीच्या कामाची तयारी. एमआयडीसीतल्या छोट्या कारखान्यांत आमच्या मुलांना जमेल असे काम भरपूर आहे. फर्निचरसोबत जाणारी सुट्या भागांची पिशवी घ्या: आठ स्क्रू, आठ वॉशर, एक ॲलन की. आठ मोजता येत नसतील तरी चालते. लाकडी फळीला आठ भोके स्क्रूची, आठ खाचा वॉशरच्या, एक खाच किल्लीची. सगळ्या जागा भरल्या की फळी नरसाळ्यावर पालथी करायची. भोक खोल झाले तर एकात दोन स्क्रू बसतात, म्हणून खोली एका स्क्रूएवढीच हवी. भोकाचा तळ लाल रंगवला की रिकामी जागा लांबूनही दिसते. पिशवीला सील मारताना हँड सीलरचा दिवा विझेपर्यंत दांडा दाबून धरायचा. आधी उचलला तर तोंड उघडे राहते. यंत्राची पट्टी जास्त वेळ तापली तर पिशवीच वितळते, म्हणून तापण्याचे बटण सकाळी निदेशकाने लावायचे आणि त्यावर टेप मारायची. अशी फळी गल्लीतला सुतार काही शे रुपयांत करून देतो. पण कार्यशाळांना मंजूर साहित्याच्या यादीत शिलाई यंत्र असते, खडू-मेणबत्तीचे साचे असतात. ‘फळी, भोके पाडलेली’ कुठून असणार?

हाताचे काम न जमल्यामुळे नोकरी गेली असे तुलनेने कमी घडते. नोकरी जाते ती वेगळ्या कारणांनी. चहाच्या सुट्टीनंतर परत यायचे लक्षात राहत नाही. नवीन सुपरवायझर आला आणि त्याची बोलण्याची तऱ्हा वेगळी होती. यंत्र सरकवून दुसरीकडे ठेवले. मुलाने गिऱ्हाइकाला मिठी मारली. ‘कळलं का?’ विचारल्यावर सवयीने ‘हो’ म्हटले आणि दिवसभर चुकीचा माल भरला. ‘नाही कळलं, परत दाखवा’ हे वाक्य आम्ही कुठल्याही हस्तकलेपेक्षा महत्त्वाचे मानतो आणि ते मुद्दाम न कळणारी सूचना देऊन, पुन्हा पुन्हा घोटून घ्यावे लागते. कामाच्या जागी शेजारी उभा राहणारा मार्गदर्शक पहिले काही आठवडे रोज, मग आठवड्यातून एकदा, मग महिन्यातून एकदा लागतो. सुपरवायझर बदलला की पुन्हा काही दिवस रोज. असे पदच आपल्या आकृतिबंधात, म्हणजे मंजूर पदांच्या यादीत, नाही.

बसप्रवासाचे थोडक्यात सांगतो. पहिल्यांदा शेजारी बसून, मग दोन रांगा मागे बसून, मग मुलाला न दिसता दुसऱ्या वाहनाने मागे जाऊन, मग एकटा. रोजची वाट जमली म्हणजे शिकला असे धरू नये. थांबा मुद्दाम चुकवून, चुकीच्या ठिकाणी उतरवून, ‘जागेवरच थांब, गळ्यातले कार्ड कंडक्टरला नाहीतर दुकानदाराला दाखव, फोन लाव’ याचा सराव करून घ्यावा लागतो, कारण गणपतीत आणि पालखीत बसचे मार्ग बदलतातच. पालकांची लेखी संमती, मागे जाणाऱ्या शिक्षकाचा प्रवासखर्च आणि काही झालेच तर शिक्षकामागे संस्था उभी राहील याची हमी, या तीन गोष्टी नसल्याने बहुतेक शाळा हे शिकवायलाच घेत नाहीत.

शेवटी, शिकून तयार झालेल्याच्या वाटेत आपणच घातलेले अडथळे. सरकारी नोकरीतल्या ४ टक्के आरक्षणात स्वमग्नता, बौद्धिक दिव्यांगत्व, विशिष्ट अध्ययन अक्षमता आणि मानसिक आजार या सगळ्यांना बहुविकलांगांसह मिळून १ टक्का आहे. त्यातही निवड लेखी परीक्षेने होते. फाइली क्रमाने लावणे, टपाल वाटणे, रोपवाटिकेत पिशव्या भरणे ही कामे ज्याला चोख येतात तो त्या परीक्षेत पहिल्या पानावरच अडतो. कौशल्य विकासाच्या बऱ्याच अभ्यासक्रमांना आठवी किंवा दहावी उत्तीर्णची अट, आणि विशेष शाळेचा दाखला त्या जागी चालत नाही. पगार सुरू झाला की संजय गांधी निराधार योजनेचे मानधन बंद होईल आणि नोकरी सुटल्यावर ते पुन्हा सुरू करायला वर्ष जाईल, या धास्तीने पालकच मुलाला कामावर पाठवत नाहीत. त्यांचा हिशेब चुकीचा आहे असे आम्ही म्हणू शकत नाही. ग्रामपंचायती आणि पालिकांनी स्वउत्पन्नाच्या ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करायचा असतो. तो वर्षाअखेरीस साहित्य किंवा रक्कम वाटून संपवला जातो. बौद्धिक दिव्यांगाला तीनचाकी सायकलीचा उपयोग नाही, त्याला शिकवणारा माणूस हवा आहे.

आमच्या मागण्या अशा:

१. तपासणीच्या नमुन्यात प्रत्येक प्रशिक्षणार्थ्यासाठी एक पान असावे. वर्षाच्या सुरुवातीला ठरवलेली किमान तीन कौशल्ये, प्रत्येकाच्या पायऱ्या आणि वर्षाअखेरीस मदत कोणत्या पातळीवर आली, एवढेच त्यात असावे. तपासणी अधिकाऱ्याने त्यातले एक कौशल्य स्वतः समोर करून पाहावे. विक्रीचा आकडा राहू द्या, पण अनुदान त्याला जोडू नका.

२. वैयक्तिक शिक्षण कार्यक्रम अठराव्या वर्षी थांबू नये. पुढे काय करायचे याचा आराखडा चौदाव्या वर्षी पालकांसोबत बसून तयार व्हावा आणि तो शाळेकडून कार्यशाळेकडे लेखी जावा. आज कार्यशाळेत आलेल्या मुलाची सुरुवात पुन्हा पहिल्यापासून होते.

३. प्रत्येक कार्यशाळेत एक शिकवण्याचा ओटा असावा: एक गॅस, एक इंडक्शन शेगडी, कुकर, गजराचे घड्याळ आणि किराणा. त्यासाठी, बाजारातल्या सरावाच्या खरेदीसाठी आणि बसभाड्यासाठी वेतनेतर अनुदानात वेगळे शीर्ष द्या, आणि ते अनुदान जूनमध्ये द्या. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात आलेल्या पैशांतून शिकवता येत नाही, फक्त बिले लावता येतात.

४. कामाच्या जागी मार्गदर्शन करणाऱ्याचे पद आकृतिबंधात आणा. सुरुवातीला दोन-तीन कार्यशाळांत मिळून एक दिले तरी चालेल, पण त्याला कार्यशाळेतला वर्ग घ्यायला लावू नका.

५. पाळी, स्पर्श आणि खासगीपणा या विषयांचे प्रशिक्षण प्रत्येक शाळेतल्या, वसतिगृहातल्या आणि कार्यशाळेतल्या महिला कर्मचाऱ्यांना सक्तीने द्या. काळजीवाहक आणि आयाबाई त्यात आधी. शारीरिक मदत लागणाऱ्या प्रत्येक मुलीसाठी ठरलेल्या दोनच स्त्रिया असाव्यात आणि त्यांची नावे नोंदवहीत असावीत.

६. जिल्ह्यातल्या शासकीय कार्यालयांना वर्षभर लागणाऱ्या फाइली, पाकिटे, कापडी पिशव्या, धुलाई आणि रोपवाटिकेतली कामे यांतला ठरावीक वाटा कार्यशाळांना द्या. मागणी महिन्यागणिक समान असावी. एकदम मोठी मागणी आली की ती निदेशक आणि पालक रात्री बसून पुरी करतात.

७. वर्ग ‘ड’च्या ज्या पदांचे काम हाताचे आहे, तिथे बौद्धिक दिव्यांगांसाठी लेखी परीक्षेऐवजी प्रत्यक्ष कामाची चाचणी घ्या. कौशल्य अभ्यासक्रमांच्या प्रवेशासाठी विशेष शाळेचा दाखला ग्राह्य धरा.

८. नोकरी लागल्यावर पहिली दोन वर्षे निराधार योजनेचे मानधन चालू ठेवा. त्या काळात नोकरी सुटली तर नवीन अर्ज मागू नका.

९. स्थानिक स्तर समितीची बैठक प्रत्येक जिल्ह्यात ठरलेल्या महिन्यात व्हावी आणि तारीख आधी जाहीर व्हावी. बँकांना छोट्या रकमेच्या खात्यांबाबत राज्यस्तरीय बँकर्स समितीमार्फत स्पष्ट सूचना द्या.

यातल्या पहिल्या आणि पाचव्या मागणीला नवीन पद लागत नाही. पहिलीला एक परिपत्रक पुरते, पाचवीला परिपत्रक आणि प्रशिक्षणाचे काही दिवस. ती दोन परिपत्रके येत्या शैक्षणिक वर्षाच्या आत काढावीत आणि उरलेल्या मागण्यांवर विभागाचे म्हणणे लेखी कळवावे, अशी आमची विनंती आहे. लेखी उत्तर आले नाही तर हेच मुद्दे आम्ही राज्याच्या दिव्यांग आयुक्तांच्या न्यायालयात रीतसर अर्जाद्वारे मांडू.

स्वयंपाक, पैसे, बस, पाळी, दाढी, कपडे धुणे आणि पॅकिंगची कामे यांच्या पायऱ्यांच्या मराठी याद्या आमच्याकडे तयार आहेत. प्रत्येक पायरीवर कुठे चुकते आणि काय केले की सुटते, हे त्यात लिहिले आहे. विभागाने मागितल्या तर त्या विनामूल्य देऊ. तपासणीचा नमुना ठरवायला बसणार असाल तर आमच्यातले चारजण स्वखर्चाने पुण्याला येतील.

आपले,
बौद्धिक दिव्यांगांचे विशेष शिक्षक, कार्यशाळांमधले निदेशक आणि पालक